डेमोमध्ये शांत झालेलं मूल आणि ६० सेशनची पावती

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांसाठीच्या संगीत थेरपीचा डेमो फुकट असतो. मंद दिवा, एसी, खाली जाड गादी, कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावलेला. नाशिकच्या ठक्कर बाजार स्थानकावर एसटीतून उतरून, रिक्षांच्या हॉर्नमधून आलेलं चार वर्षांचं मूल तिथे दहा मिनिटांत शांत होतं. कीबोर्डची पट्टी दाबली की दिवा लागतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा दाबतं. आईच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तेवढ्यात फॉर्म पुढे सरकतो.

गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत चालणाऱ्या केंद्रानं हेच करून निफाड, सिन्नर, ओझरपासून शहरापर्यंतच्या पालकांकडून पैसे घेतले. तक्रारी चालू आहेत, म्हणून नाव इथे नाही. पण नावापेक्षा पद्धत कळणं महत्त्वाचं, कारण ती दुसऱ्या पाटीखाली पुन्हा येतेच.

आधी डेमोचं बघू. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना आवाज, उजेड, गर्दी सहन होत नाही. गोंगाटातून उचलून अंधुक, थंड, शांत खोलीत बसवलं की त्यातली बरीचशी मुलं तशीही शांत होतात. तानपुरा बंद करून हाच डेमो करा म्हटलं असतं तर तेच दिसलं असतं. ती थेरपी नाही, ती खोली आहे.

पॅकेज होतं ६० सेशनचं. १,२०० रुपयांप्रमाणे ७२,००० होतात, 'आजच भरले तर' ६०,००० आणि आठवड्याला तीन सेशन. हे ठरलं तेव्हा मुलाचं असेसमेंट झालेलंच नव्हतं. मूल काय करतं, कुठे अडतं हे बघायलाच पहिले दोन-तीन सेशन जातात. त्याआधी ६० हा आकडा आला कुठून? तो मुलाच्या गरजेवरून नव्हे, पालकांच्या खिशावरून काढलेला असतो.

'आठवड्याला तीनदा केलं की तिप्पट वेगानं फरक' हे वाक्यही तपासून घ्यावं असं आहे. ९ देशांतल्या ४ ते ७ वर्षांच्या ३६४ मुलांवर झालेली संगीत थेरपीची मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या तासाचं सेशन काहींना आठवड्यातून एकदा, काहींना तीनदा दिलं. पाच महिन्यांनी ऑटिझमच्या सामाजिक लक्षणांत, संगीत थेरपी न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही, तीनदावाल्यांतही नाही. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०२२ च्या आढाव्यात २६ अभ्यास आणि १,१६५ जण होते. त्यात एकूण सुधारणा आणि जीवनमान यांत फायदा होण्याची शक्यता दिसली, पण बोलणं आणि संवाद यांबद्दल स्पष्ट पुरावा निघाला नाही. म्हणजे संगीत थेरपी निरुपयोगी नाही. पण '६० सेशनमध्ये बोलेल' असं सांगणारा माणूस एक तर हे वाचत नाही किंवा वाचून खोटं बोलतो.

भिंतीवरची सर्टिफिकेटं बघायची ती अशी. गायन-वादनातली विशारद म्हणजे संगीत येतं. थेरपी येते असं नाही. 'आरसीआय मान्यताप्राप्त म्युझिक थेरपिस्ट' असं लिहिलं असेल तर तिथेच उठावं, कारण १९९२ च्या कायद्यानं आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या (म्हणजेच आरसीआयच्या) व्यावसायिकांच्या यादीत म्युझिक थेरपिस्ट हा वर्गच नाही. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची मात्र तिथे नोंदणी असते आणि नोंदणीचा सीआरआर नंबर परिषदेच्या वेबसाइटवर पाहता येतो. या केंद्रात दाखवलेला नंबर खरा निघाला. तो एका स्पीच थेरपिस्टचा होता आणि ती व्यक्ती तिथे कधी येतच नव्हती. नंबर घेतलात की नाव विचारा, आणि त्या नावाचा माणूस खोलीत बसलेला आहे का तेही बघा. अमेरिकेत म्युझिक थेरपिस्टला प्रमाणपत्राआधी १,२०० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. आपल्याकडे शनिवार-रविवारच्या कोर्सवरही पाटी लागते.

पैसे भरल्यावर साधारण महिन्याभरात रंग बदलला. एकास-एक ठरलेलं सेशन 'ग्रुप एनर्जी'च्या नावाखाली सहा मुलांचं झालं. शिकवणारी व्यक्ती बदलली, मग पुन्हा बदलली. पालकांनी आत बसायचं नाही, 'मुलाचं लक्ष विचलित होतं' म्हणून. आत ब्लूटूथ स्पीकरवर गाणी लावून टाळ वाजवले जात. टाळांचा आवाज चढा आणि अचानक येणारा. आवाज सहन न होणाऱ्या मुलासमोर पहिल्याच दिवशी टाळ काढणारा माणूस या कामातला नव्हे, हे कुणीही जाणकार सांगेल. मुलं कानांवर हात ठेवून बाहेर यायची, आणि पालकांना सांगितलं जायचं, 'आतून रिलीज होतंय'.

बरं, खरं सेशन कसं असतं? सुरुवातीला रोज तेच एक छोटं गाणं, म्हणजे मुलाला कळतं की आता काय होणार. मग वाद्यं खाली ठेवलेली: ढोलकी, खंजिरी, घुंगरू, पेटी. मूल ढोलकीवर दोनदा थाप मारतं, थेरपिस्टही दोनदा मारतो आणि थांबतो. मूल वर बघतं. तो थांबाच कामाचा असतो. ओळखीच्या बडबडगीताचा शेवटचा शब्द गाळून पाच-सहा सेकंद गप्प राहायचं आणि मूल काय करतं ते टिपायचं: आवाज काढला, हात धरला, की नुसतं पाहिलं. दहा संधींत किती वेळा, हा आकडा वहीत जातो. आठ-दहा आठवड्यांनी तोच आकडा पुन्हा बघायचा आणि हलला नसेल तर पद्धत बदलायची किंवा थांबवायचं. थोडक्यात, साउंड सिस्टीम लागत नाही, वही लागते. या केंद्रात एकाही मुलाची अशी वही नव्हती.

वहीच्या जागी होते व्हिडिओ आणि रंगीत कागद. एका व्हिडिओत मूल अख्खं गाणं म्हणतं. पण ऑटिझम असलेली कितीतरी मुलं पाणी मागण्याआधी गाणी म्हणतात. पाठ झालेली ओळ म्हणणं आणि गरजेला शब्द वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्या जुन्या मोबाइलमध्ये शोधलं, तर प्रवेशाआधीचाही तसाच व्हिडिओ सापडला. रंगीत कागद म्हणजे 'ब्रेन मॅप'. टोपी घालून मुलाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढायचा. पापण्या मिटल्या, कपाळ आक्रसलं, मूल हललं की पुढच्या भागात लाल डाग उमटतो. दुसऱ्या वेळी मूल कंटाळून निपचित बसलं की डाग कमी. ही झाली 'सुधारणा'. त्यातच चार-पाच वर्षांचं मूल वर्षभरात वाढतं, शाळा लागते, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालूच असते. श्रेय मात्र सगळं पॅकेजला.

घरी ऐकवायला पेन ड्राइव्हही दिला होता, त्याचे ३,५०० वेगळे. '५२८ हर्ट्झची हीलिंग फ्रिक्वेन्सी', रोज एक तास हेडफोनवर. पेटीच्या पांढरी एक या पट्टीत तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, साधारण ५२३ हर्ट्झला येतो; यांचा दैवी सूर त्याहून एका श्रुतीइतकाही, म्हणजे दोन सुरांमधल्या सूक्ष्म अंतराइतकाही, वर नाही. जुनी पेटी तेवढी बेसूर असतेच. सूर राहू द्या, आवाजाची पातळी बघा. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला ४० तासांना ७५ डेसिबलची मर्यादा सांगते, आणि फोनचा आवाज वर नेला की हेडफोन ती सहज ओलांडतो. जे मूल 'मोठा आहे' हे सांगूच शकत नाही, त्याच्या कानाला हेडफोन लावून एक तास सोडायचं नाही.

ज्यांच्याकडे रोख नव्हती त्यांना 'नो कॉस्ट ईएमआय' दिला गेला. सही कर्जावर झाली होती, हे बऱ्याच जणांना हप्ता कापला गेल्यावर कळलं. कर्ज कंपनीनं केंद्राला पूर्ण रक्कम आधीच दिली. केंद्राला कुलूप लागलं तरी हप्ते चालू. रागानं हप्ता थांबवला की सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जासाठीची पत, पडतो. कर्ज नुकतंच झालं असेल तर करारातली कूलिंग-ऑफची मुदत शोधा. तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि झालेलं व्याज भरून बाहेर पडता येतं. मुदत गेली असेल तर केंद्रानं सेवा बंद केल्याचं कर्ज कंपनीला ईमेलनं कळवून पोच ठेवा.

पैसे देण्याआधी पावतीवर सेशनची संख्या, मिनिटं, एकास-एक की ग्रुप, कोण घेणार, आणि मधेच सोडल्यास किती परत, हे लिहून घ्या. लिहून द्यायला नकार मिळाला तर उत्तर मिळालं. चार-चार सेशनचे पैसे घेणारे लोक नाशिकमध्ये आहेत. शासकीय बाजूनं जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. तिथे रांग असते, पण ६० सेशन आगाऊ विकत नाहीत. आणि संगीतासाठी चालू स्पीच किंवा ओटी बंद करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. या केंद्रानं तेही सांगितलं होतं, आणि पैशांपेक्षा ते नुकसान जास्त मोठं.

पैसे अडकले असतील तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा चालतो. तक्रारीत 'मूल बोललं नाही' हा मुख्य मुद्दा करू नका; समोरचा वकील 'प्रत्येक मूल वेगळं' म्हणून तो एका वाक्यात उडवेल. ६० पैकी २२ सेशन झाले, एकास-एक ठरलेलं ग्रुपमध्ये घेतलं, दाखवलेल्या नंबरची व्यक्ती तिथे नव्हती, 'बोलेल' हे व्हॉट्सअॅपवर लेखी दिलं होतं, असं लिहा. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, यूपीआयचे स्क्रीनशॉट छापून घ्या, आणि मूल केव्हा आत गेलं, केव्हा बाहेर आलं याची तारीखवार यादी जोडा. डायरी नसेल तर फोनमधल्या लोकेशन टाइमलाइनवरून आणि रिक्षाच्या पेमेंटवरूनही ती बऱ्यापैकी उभी राहते.