नऊ महिने लिबरऑफिस रायटर वापरल्यावर, आणि 'ऱ्हायना'मधल्या र बद्दल

जळगावच्या प्रेसमधून माझ्या अहिराणी गाण्यांच्या पुस्तकाचं पहिलं प्रूफ आलं आणि मी सत्ताविसाव्या पानावर अडले. वरच्या ओळीत 'पानी पडी ऱ्हायना' अगदी बरोबर छापलेलं. खाली चार ओळी सोडून 'माय दयी र्हायनी', ह च्या डोक्यावर रफार. पुढच्या पानावर पुन्हा तेच. एकाच पानात अर्धे शब्द शुद्ध, अर्धे मोडलेले.

प्रमाण मराठीत हा वाकडा र अधूनमधून येतो. दऱ्या, कऱ्हाड, तऱ्हा. तो चुकला तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे दऱ्यांचा समुद्र. पण आमच्या अहिराणीत त्याच्याशिवाय पानही हलत नाही. करी ऱ्हायना, जाई ऱ्हायनी, काय बोली ऱ्हायनात. चालू असलेली प्रत्येक क्रिया त्याच्यावर उभी. दोनशे पानांच्या गाण्यांच्या आणि शब्दांच्या संग्रहात तोच मोडला तर पुस्तक छापायचं कशाला?

प्रेसवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे जसं मॅटर आलं तसं लावलं. तुमचं सॉफ्टवेअर फुकटचं आहे, त्याचा दोष." त्यांच्याशी मी भांडले, आणि खरं सांगायचं तर मनातून मलाही तसंच वाटलं. त्या रात्री मी हा अनुभव लिहायला घेतला तो रायटरला, म्हणजे लिबरऑफिसमधल्या टाइप करायच्या प्रोग्रॅमला, एक तारा द्यायच्या इराद्यानंच. पहिला मसुदा तसाच आहे माझ्याकडे. आता तो बदलून लिहिते आहे.

आधी थोडं मागचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. पारोळ्याहून एसटीनं मी तिन्ही दिवस गेले. प्रताप महाविद्यालयाच्या आवारात पुस्तकांच्या दालनांतून फिरताना ठरवलं की आईची आणि मावश्यांची आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, घरातले शब्द वहीत आहेत तोवर टाइप करून ठेवायचे. भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप दिला. पेन्शनमधून दरवर्षी एखाद्या प्रोग्रॅमचं भाडं भरत राहणं मला पटत नाही. एकदा घेतलेली कढई मी वीस वर्षं वापरते. लिबरऑफिसला पैसे पडत नाहीत, वर्डची डॉक्स (.docx) फाइल त्यात उघडते, २०१० पासून ते मोकळं उपलब्ध आहे, एवढं मला पुरेसं होतं. मार्चमध्ये सुरुवात केली.

मे महिन्यात पहिला फटका बसला. दुपारी पारा पंचेचाळिसाच्या घरात, वीज गेली, आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असल्यामुळे स्क्रीनही तत्काळ काळा. वीज आल्यावर रायटरनं स्वतःहून फाइल परत आणण्याचं विचारलं आणि आणलीही. पण शेवटची आठ ओव्यांची दुरुस्ती गायब. कारण साधं होतं: आपोआप जपून ठेवण्याची वेळ १० मिनिटांवर होती. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे लोड-सेव्ह, त्यात जनरल. तिथे मी २ मिनिटं केली आणि शेजारची 'नेहमी बॅकअप प्रत ठेवा' ही खूण तपासून घेतली. आपल्या भागात राहणाऱ्या कुणीही रायटर टाकला की पहिलं टंकलेखन करण्याआधी हे करावं. आणि ही सोय म्हणजे सेव्ह नव्हे. प्रत्येक गाणं संपलं की कंट्रोल-एस माझ्या बोटांना आता सवयीचं झालं आहे.

नंतरचा त्रास दिसायला बारीक, पण मला खूप लागला. मी तीस वर्षं पहिलीच्या मुलांकडून पाटीवर पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवून घेतला. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीचे म्हणून आहेत. आणि माझ्या फाइलमध्ये दिसत होते हिंदी वळणाचे. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, त्यात मराठी वळण आहे असं भाच्यानं सांगितलेलं. मग दिसत का नाही?

उत्तर मिळायला दोन आठवडे गेले. फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात. कोणता काढायचा हे त्या मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं. आणि मी काय केलं होतं? अहिराणीच्या प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते, मन्हा, तुन्हा, शे, सगळ्यांखाली, म्हणून वैतागून सगळ्या मजकुराची भाषा 'काहीच नाही, स्पेलिंग तपासू नका' अशी करून टाकली होती. रेघा गेल्या आणि त्यांच्याबरोबर पाकळीचा लही गेला. मग भाषा पुन्हा मराठी केली आणि लाल रेघा शिफ्ट-एफ७ नं बंद केल्या. एका क्षणात सगळ्या पानांवरचे ल आणि श बदलले. त्या दिवशी मी आईचं नाव टाइप करून बघत बसले होते. लीलाबाई. दोन्ही ल पाकळीचे.

याच विषयातली आणखी एक गोष्ट. रायटर देवनागरीला इंग्रजीपेक्षा वेगळ्या गटात धरतो. ऑप्शन्समध्ये त्याला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणतात. फॉन्ट आणि आकार दोघांसाठी वेगवेगळे लावावे लागतात. मथळ्याचा आकार वाढवला आणि मराठी तसंच लहान राहिलं, तर तुम्ही बहुधा फक्त इंग्रजीचा आकार वाढवला आहे. स्टाइलच्या खिडकीत दोन्ही ठिकाणी एकदाच लावून टाका, मग परत बघावं लागत नाही.

एकदा प्रोग्रॅम उघडेचना. तेव्हा त्याच्या सेफ मोडमधून वापरकर्त्याच्या सेटिंग्ज पूर्ववत केल्या आणि तो सुरू झाला. फाइलला काही झालं नाही. फक्त मी लावलेल्या आवडीनिवडी पुन्हा लावाव्या लागल्या, त्यात ती २ मिनिटांचीही.

आता त्या र कडे येते. प्रूफ समोर ठेवून मी आधी शोध लावला: 'ऱ्हायना'. रायटरनं २१२ सांगितले. मला माहीत होतं की त्याहून पुष्कळ जास्त आहेत, कारण नुसत्या कानबाईच्या भागातच शेकड्यांनी आहेत. मग स्क्रीनवर डोळ्यांना दिसणारा एक 'ऱ्हायना' कॉपी करून शोधात टाकला, तर वेगळेच शब्द सापडले, आणि आधीचे २१२ त्यात नव्हते. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, त्या र च्या पुढचं खोड आणि ऑल्ट-एक्स दाब." दोन्ही शब्दांतलं 'हायना' खोडलं. पहिल्या शब्दात ऑल्ट-एक्स दाबल्यावर अक्षराच्या जागी क्रमांक आले: ०९३१ आणि ०९४डी. दुसऱ्यात आला २००डी. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत. नऊ महिन्यांत या प्रोग्रॅमनं मला दिलेला सगळ्यात मोठा आनंद हा. अक्षराच्या आत बघता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

त्याचा अर्थ असा. हा वाकडा र दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलंत. इनस्क्रिप्ट कळफलकावर साधा र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो, मी तसंच टाइप करते. दुसरा, साधा र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. तोच तो २००डी. संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं जे मानक, त्या युनिकोडच्या नियमांत दोन्ही मान्य आहेत. पहिला इस्की या भारतीय मानकाला धरून, दुसरा युनिकोडच्या २.० आवृत्तीशी जुळावं म्हणून राखलेला. माझ्या संग्रहातली अर्धी गाणी भाच्यांनी आणि पुतण्यांनी फोनवर लिहून पाठवलेली, मी ती तशीच चिकटवलेली. त्यांच्यात दुसरा र होता.

आणि प्रेसमध्ये मजकूर त्यांच्या मांडणीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये नेताना ती न दिसणारी चिन्हं गळली. चिन्ह गेलं की उरतो साधा र, हलंत आणि ह, म्हणजे रफार. म्हणून अर्धे शब्द टिकले आणि अर्धे मोडले. रायटरनं मी दिलेलं प्रत्येक चिन्ह जसंच्या तसं जपलं होतं. एक तारा द्यायला निघाले होते तो माझा राग चुकीच्या दारावर होता.

दुरुस्तीला पंधरा मिनिटं लागली. शोधा-बदला या खिडकीत खालचे आणखी पर्याय उघडा, रेग्युलर एक्स्प्रेशन्स ही खूण करा. मग शोधायच्या रकान्यात प्रत्येक अक्षराचा क्रमांक लिहा: उलटी तिरकी रेघ, लहान लिपीतलं इंग्रजी यू, आणि चार जागांचा क्रमांक. असे तीन, ओळीनं, मध्ये जागा न सोडता: ०९३०, ०९४डी, २००डी, आकडे आणि डी इंग्रजी कळांनी टाइप करायचे. बदलायच्या रकान्यात ऱ आणि हलंत. आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवा आणि मगच सगळे बदला. माझ्याकडे ६३७ ठिकाणी बदल झाला. त्यानंतर 'ऱ्हायना' शोधला तेव्हा कुठे आकडा माझ्या अंदाजाशी जुळला.

ज्यांना बोलीतलं काही छापायचं आहे, अहिराणी असो, तावडी असो किंवा लेवा गणबोली, त्यांना कळकळीनं सांगते: वेगवेगळ्या माणसांकडून मजकूर गोळा करत असाल तर छपाईला देण्याआधी हा एक र तपासा. आणि मॅटरबरोबर पीडीएफही द्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच असतो, त्यामुळे मूळ कसं होतं हे प्रेसवाल्यांना समोर दिसतं आणि वाद होत नाही.

काल दुसरं प्रूफ आलं. मी पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचलं. सगळे ऱ्हायना, ऱ्हायनी, ऱ्हायनात जागेवर. फक्त एकशे बारा आणि एकशे चाळीस या पानांवर झोक्याच्या दोन चित्रांखाली अजून रफार आहे. ते शब्द चित्राच्या आतच लिहून आलेले, शोधा-बदला तिथे पोहोचत नाही. चित्राखालची ती पट्टी कापून आज रात्री मी ते दोन्ही शब्द हातानं टाइप करणार आहे.