मॅस्टोडॉनवर हॅशटॅग फॉलो करण्याची सोय: कामाची, पण सर्व्हर बघून

मॅस्टोडॉन म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांना जोडून बनलेलं, ट्विटरसारखं सोशल नेटवर्क. नोव्हेंबर 2022 मधल्या 4.0 आवृत्तीपासून त्यावर माणसांसारखेच हॅशटॅगही फॉलो करता येतात. टॅग शोधायचा, त्याच्या पानावरचं फॉलोचं बटण दाबायचं, की पोस्ट थेट होम फीडमध्ये. नव्या खात्याचं रिकामं फीड भरायला याहून सोपा उपाय नाही.

गोम पुढे आहे. टॅग फॉलो केला म्हणजे जगभरातल्या पोस्ट येतात, हा गैरसमज. तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्याच दिसतात, आणि पोस्ट पोचते ती मुख्यतः तिथल्या कुणीतरी त्या लेखकाला फॉलो केलं असेल किंवा ती बूस्ट केली (म्हणजे पुढे शेअर केली) असेल तर. म्हणून मोठ्या सर्व्हरवर टॅग दुथडी भरून वाहतो, तर वीसेक जणांच्या सर्व्हरवर तोच कोरडा. अ‍ॅडमिनने रिले (सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्ट एकमेकांकडे पोचवणारी सेवा) जोडला तर फरक पडतो. मात्र साठवणुकीचा खर्च वाढतो. माणसाला फॉलो केलं की त्याच्या नव्या पोस्ट सर्व्हरकडे आपसूक येतात, टॅग असो वा नसो.

मराठी वाचकांसाठी: देवनागरी ‘मराठी’ आणि रोमन लिपीतला ‘Marathi’ हे दोन वेगळे टॅग, दोन्ही घ्या. ‘फोटोग्राफी’सारखे ढोबळ टॅग होम फीडमध्ये नकोच; माणसांच्या पोस्ट त्यात बुडतात. अ‍ॅडव्हान्स्ड वेब इंटरफेसमध्ये (ब्राउझरमधली अनेक कॉलमांची मांडणी) त्यांचा वेगळा कॉलम पिन करा, नको ते शब्द फिल्टरला लावा. टॅगवर आवडीची माणसं सापडली की त्यांना फॉलो करून टॅग खुशाल सोडा.