प्रेमाचा विजय की लग्नातली थट्टा?
काल टिळक रोडवर चहा पिताना मित्राशी जुंपली, विषय इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीचं १४८५ च्या आसपासचं 'व्हीनस आणि मार्स' हे चित्र, म्हणजे प्रेमाची देवी आणि युद्धाचा देव. मार्स एक ते चारमधल्या पुणेकरासारखा गाढ झोपलाय आणि बकरीच्या पायांची चार पोरं आहेत, काही त्याचा भाला पळवतायत, एक तर चिलखतातच शिरलंय. मित्र म्हणतो प्रेमाने युद्धाला निजवलं, विषय संपला. ठीके, पण मग कानात शंख फुंकणारं कार्टं कशाला? मला तर चावट थट्टाच वाटते, कारण असली लांबट चित्रं तेव्हा फ्लोरेन्समध्ये नव्या जोडप्याच्या खोलीत लावायचे, आणि इथे बाई टक्क जागी, बुवा ढाराढूर... शिवाय मार्सच्या डोक्यापाशी गांधीलमाश्या, त्यावरून काहीजण चित्राचं नातं फ्लोरेन्सच्या वेस्पुची घराण्याशी जोडतात, इटालियनमध्ये वेस्पा म्हणजे गांधीलमाशीच, हो, स्कूटरवाली वेस्पा!