जनरल मेडिसिनच्या अभ्यासकाच्या नजरेतून पबमेड: एका मोफत शोधसेवेचे परीक्षण

जनरल मेडिसिनचा रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर, पबमेडकडे साधारणपणे तीन कारणांनी वळतो. थिसिससाठी पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घ्यायचा असतो, जर्नल क्लबसाठी, म्हणजे विभागात एखाद्या पेपरवर होणाऱ्या चर्चेसाठी, पेपर निवडायचा असतो किंवा राउंडमध्ये सरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर संध्याकाळपर्यंत मिळवायचे असते. ही तिन्ही कामे या सेवेत होतात, पण शोधाच्या पांढऱ्या चौकटीमागे काय चालते हे ठाऊक नसेल तर तीच कामे अर्धवट होतात आणि ती अर्धवट झाल्याचे कळतही नाही. पबमेडविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या चौकटीत आहे आणि बऱ्याचशा भाबड्या कौतुकाचेही.

पबमेड हे ग्रंथालय नाही, ती वैद्यकीय संशोधनपर लेखांची सूची आहे. अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन ही संस्था ती चालवते. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये सुरू केलेली ‘इंडेक्स मेडिकस’ ही छापील सूची तिची पूर्वज आहे. १९६४ मध्ये ते काम संगणकावर गेले, १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ या नावाने ते दूरच्या टर्मिनलवरून वापरता येऊ लागले आणि जून १९९७ पासून वेबवर सर्वांना मोफत खुले झाले. आज येथे साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. नोंदीत शीर्षक, लेखक, जर्नल आणि बहुधा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा सारांश, असतो. संपूर्ण पेपर वाचायला मिळेल की नाही हे ते जर्नल ठरवते किंवा तो पेपर पबमेड सेंट्रल या २००० साली सुरू झालेल्या वेगळ्या भांडारात जमा आहे की नाही यावर ठरते. पेपर उघडला नाही म्हणून पबमेडवर चिडणारे नवे रेसिडेंट दर वर्षी भेटतात. त्यांचा राग रास्त असला तरी तो प्रकाशकाकडे जायला हवा.

आता त्या चौकटीकडे येऊ. तिच्यात ‘हार्ट अटॅक’ असे टाइप केले तर पबमेड केवळ ते दोन शब्द शोधत नाही. ती ते शब्द ‘मेश’ या नियंत्रित शब्दावलीशी ताडून पाहते. १९६० पासून चालत आलेल्या या शब्दावलीत सुमारे तीस हजार विषयशीर्षके आहेत आणि ती व्यापक विषयाखाली त्याचे उपविषय अशा उतरंडीने मांडलेली आहेत. त्यामुळे ‘हार्ट अटॅक’चे रूपांतर ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या शीर्षकात होते आणि त्याखालचे अँटिरियर वॉल, इन्फिरियर वॉल, एसटी एलिव्हेशन असलेले आणि नसलेले असे सर्व उपप्रकारही आपोआप शोधात येतात. हे रूपांतर पाहायचे असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर जावे. तिथे आपल्या शोधांचा तक्ता असतो आणि त्यातील ‘डिटेल्स’खालचा छोटा बाण दाबला की आपण लिहिलेल्या दोन शब्दांची संगणकाने केलेली चार-पाच ओळींची मांडणी समोर येते. माझ्या मते पबमेडमधील सर्वांत उपयुक्त जागा हीच आहे आणि सर्वांत कमी पाहिली जाणारीही हीच. गाइडने विद्यार्थ्याला एकच गोष्ट शिकवायची असेल तर हा बाण दाबायला शिकवावे.

हे रूपांतर नकळत बंद पाडणेही फार सोपे आहे. शब्दांभोवती अवतरणचिन्हे दिली किंवा शब्दाच्या शेवटी तारांकन जोडले की मेशशी ताडणे थांबते. टाइप २ मधुमेहावर थिसिस करणारा विद्यार्थी काटेकोरपणा म्हणून रोगाचे नाव अवतरणचिन्हांत टाकतो आणि ‘नॉन-इन्सुलिन-डिपेंडंट’ या जुन्या नावाने छापलेले कित्येक पेपर त्याच्या हातून निसटतात. निकाल आटोपशीर दिसतात, म्हणून शंकाही येत नाही. जोडशब्दांचेही तसेच आहे. पबमेड तर्क डावीकडून उजवीकडे सोडवते. ‘स्ट्रोक अँड अ‍ॅस्पिरिन ऑर क्लोपिडोग्रेल’ असे कंसाशिवाय लिहिल्यास पक्षाघाताशी कसलाही संबंध नसलेले क्लोपिडोग्रेलचे झाडून सारे पेपर यादीत येतात. शेवटच्या दोन औषधांभोवती कंस घातले की तीच यादी ताळ्यावर येते.

राउंडमधल्या प्रश्नासाठी ‘क्लिनिकल क्वेरीज’ ही सोय मला सर्वांत जास्त आवडते. मॅकमास्टर विद्यापीठातील ब्रायन हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या या चाळण्या उपचार, निदान, रोगाची गती अशा प्रश्नांच्या प्रकारानुसार लावता येतात आणि प्रत्येकीचे रुंद व अरुंद असे दोन पर्याय असतात. उपचाराच्या प्रश्नासाठी रुंद चाळणीची संवेदनशीलता ९९ टक्के आणि विशिष्टता ७० टक्के नोंदवलेली आहे, तर अरुंद चाळणीची अनुक्रमे ९३ आणि ९७ टक्के. संवेदनशीलता म्हणजे कामाच्या पेपरांपैकी किती हाती लागतात आणि विशिष्टता म्हणजे बिनकामाच्यांपैकी किती बाहेर राहतात. निदान चाचण्यांचे हे गणित मेडिसिनच्या विद्यार्थ्याला नवे नाही. स्क्रीनिंगसाठी कोणती चाचणी निवडायची आणि खात्री करून घेण्यासाठी कोणती, हा त्याचा रोजचाच विचार आहे. थिसिससाठी काहीही सुटायला नको म्हणून रुंद चाळणी लावावी. रात्री ड्युटीवर दहा मिनिटे हाताशी असतील तर अरुंद. एखादी शोधसेवा आपल्या चाळण्यांची अशी मोजमापे उघडपणे सांगते ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि सर्वसाधारण सर्च इंजिनांकडून तिची अपेक्षाही ठेवता येत नाही.

बाजूच्या पट्टीतील नेहमीच्या फिल्टरांविषयी मात्र मी सावध आहे. ‘ह्यूमन्स’ या फिल्टरवर टिचकी मारणे निरुपद्रवी वाटते, पण तो मेशच्या नोंदीवर चालत असल्यामुळे मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडच्या पारखून निवडलेल्या जर्नलांच्या भागात, नसलेल्या जर्नलमधील माणसांवरचे अभ्यासही तो गाळून टाकतो. निकालांचा ‘बेस्ट मॅच’ हा मूळ क्रमही असाच दुधारी आहे. मशीन लर्निंगवर आधारलेला हा क्रम घाईच्या प्रश्नाला चांगले उत्तर देतो, परंतु आढावा लिहिणाऱ्याला पहिल्या पानावरच थांबण्याची सवय लावतो. थिसिसच्या शोधासाठी क्रम तारखेनुसार लावून यादी शेवटपर्यंत पाहावी, मग कंटाळा आला तरी चालेल.

नोंद उघडल्यावर बहुतेकांची नजर अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या शेवटच्या वाक्यावर थांबते. त्याखाली खरा ऐवज असतो. पेपरवर आलेली पत्रे, दुरुस्त्या आणि त्यावरची संपादकीये यांचे दुवे तिथे दिलेले असतात आणि जर्नल क्लबमध्ये हमखास विचारले जाणारे आक्षेप बरेचदा त्या पत्रांत आधीच मांडलेले असतात. मागे घेतलेल्या पेपरच्या नोंदीवर तशी ठळक सूचना असते. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेला आणि ४ जूनला मागे घेतला गेलेला, कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्याविषयीचा पेपर हे त्याचे गाजलेले उदाहरण. आपल्या संगणकावर साठवून ठेवलेल्या पीडीएफला हे कधीच कळत नाही. म्हणूनच थिसिस सादर करण्यापूर्वी संदर्भसूचीतील प्रत्येक पेपरची नोंद पबमेडवर पुन्हा उघडून पाहावी असे मी सुचवेन. काम रटाळ आहे, पण परीक्षकासमोरची नामुष्की टळते.

जुन्या संशोधनाच्या बाबतीत ही सेवा अनपेक्षितपणे उदार आहे. फुफ्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ मधील ट्रायल, जिच्यात सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ आणि केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले, तिची मूळ छापील पाने पबमेड सेंट्रलवर मोफत वाचता येतात. रँडमायझेशन (रुग्णांची गटांत यादृच्छिक वाटणी) म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातून समजावण्याऐवजी विद्यार्थ्यांसमोर ती पाने ठेवावीत. रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधी कळू नये म्हणून बंद पाकिटांची योजना कशी केली होती, हे त्यात साध्या भाषेत लिहिलेले आहे.

वैद्यकीय शिक्षणावरील संशोधनात मात्र पबमेडची बाजू लंगडी पडते. ‘एज्युकेशन, मेडिकल’, ‘इंटर्नशिप अँड रेसिडेन्सी’, ‘क्लिनिकल कॉम्पिटन्स’, ‘प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग’ अशी विषयशीर्षके आहेत आणि प्रमुख जर्नलेही सूचीत आहेत, परंतु अध्यापनाच्या पद्धतींची नावे शोधताना शब्द फसवतात. केसवर आधारित अध्यापनावरचे अभ्यास हवे असतात आणि ‘केस’ या शब्दापायी केस रिपोर्ट व केस-कंट्रोल अभ्यासांचा ढीग पदरी पडतो. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. शिक्षणावरच्या पुष्कळ अभ्यासांत विद्यार्थ्यांना तास आवडला का, एवढेच मोजलेले असते. काहींत ज्ञान वाढले का हे पाहिलेले असते. प्रत्यक्ष रुग्णाशी वागणे सुधारले का किंवा रुग्णाला त्याचा फायदा झाला का, हे फार थोडे जण तपासतात. ही प्रतवारी लावणारी कोणतीही चाळणी इथे नाही, त्यामुळे प्रत्येक पेपर उघडून पद्धतीचा भाग वाचण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय शिक्षणशास्त्राच्या जर्नलांतील बरेच लेखन वैद्यकीय सूचीत येतच नाही. ते शोधण्यासाठी ‘एरिक’ ही शिक्षणविषयक सूची स्वतंत्रपणे पाहावी लागते. रुग्णांवरच्या अभ्यासासाठी मी पबमेडला पाचपैकी साडेचार गुण देईन, शिक्षणावरच्या अभ्यासासाठी तीन.

‘आमचे जर्नल पबमेड इंडेक्स्ड आहे’ हे वाक्य विभागाच्या बैठकांत गुणवत्तेच्या प्रमाणपत्रासारखे फेकले जाते, त्याविषयी थोडे खुलाशाने सांगायला हवे. मेडलाइनसाठी तज्ज्ञांची समिती जर्नले पारखून घेते आणि अशी सुमारे ५,२०० जर्नले आहेत. पबमेडमधील सर्व नोंदी मात्र मेडलाइनच्या नाहीत. सरकारी अनुदानावर झालेल्या संशोधनाची प्रत लेखकाने पबमेड सेंट्रलमध्ये जमा केली की त्या एका पेपरची नोंद पबमेडमध्ये दिसू लागते, मग ते जर्नल समितीपुढे कधीच गेलेले नसले तरी. म्हणजे एखाद्या जर्नलचे चार पेपर पबमेडमध्ये सापडले यावरून त्याच्या संपादनाविषयी काहीही सिद्ध होत नाही. खरी स्थिती त्याच ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचे नाव टाकून पाहता येते. ते सध्या मेडलाइनमध्ये आहे की नाही हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते.

आणखी एक उणीव अशी की तिचा दोष पबमेडला देता येत नाही, तरीही वापरणाऱ्याने ती विसरता कामा नये. जे छापलेच गेले नाही ते सूचीत असूच शकत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लॉरकेनाइड हे लय सुधारणारे औषध देऊन पाहणारी एक ट्रायल १९८० मध्ये झाली. औषधाच्या गटात ९ मृत्यू झाले आणि प्लासिबोच्या (औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या मात्रेच्या) गटात १, पण ती प्रसिद्ध झाली १९९३ मध्ये. मधल्या काळात कितीही कुशलतेने शोधले असते तरी हा इशारा कोणत्याही सूचीत सापडला नसता. आता ट्रायलच्या पूर्वनोंदणीची सक्ती वाढल्यामुळे परिस्थिती बरी आहे आणि अनेक नोंदींत ट्रायलचा नोंदणी क्रमांकही दिलेला असतो. तो दाबून आधी जाहीर केलेला प्रमुख निष्कर्षबिंदू (ट्रायलमध्ये मुख्यतः काय मोजायचे ते) आणि पेपरमध्ये छापलेला बिंदू एकच आहे का, हे ताडून पाहणे हा जर्नल क्लबचा पहिला प्रश्न असायला हवा.

बाकी सोयी थोडक्यात. शोध जतन करून नवे पेपर ईमेलने मागवता येतात आणि थिसिस सुरू असेपर्यंत ही सूचना अवश्य लावून ठेवावी. मोबाइलवर पान चांगले चालते, मात्र कंसांनी भरलेला लांब शोध मोबाइलवर लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. ‘सिमिलर आर्टिकल्स’ची यादी कधी नेमकी असते, कधी भरकटलेली.

एका बाबतीत मात्र या सेवेने हात आखडता घेतला याची खंत वाटते. २०१३ मध्ये ‘पबमेड कॉमन्स’ नावाने नोंदीखालीच वैज्ञानिकांना स्वतःच्या नावाने टिप्पणी लिहिता येऊ लागली होती आणि जर्नल क्लबांनाही आपली चर्चा तिथे मांडता येत होती. प्रतिसाद थोडा मिळाला म्हणून २०१८ मध्ये ती सोय बंद करण्यात आली. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मेडिसिन विभागात एखाद्या पेपरची कसून चिरफाड होते आणि ती त्या खोलीतच राहते. ही सोय पुन्हा सुरू झाली तर शिक्षणासाठीच्या माझ्या तीन गुणांत मी लगेच एकाची भर घालेन.