पिंग जी४२५ मॅक्स: शाफ्ट कापल्यावर हरवलेलं वजन परत कसं आणलं

गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, कस्टम करून घ्यायचा म्हणजे आपल्याकडे सगळी चर्चा शाफ्टची म्हणजे दांड्याची होते, कुठला फ्लेक्स (किती लवतो), किती इंच, कुठली ग्रिप, आणि हेडच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या डोक्याच्या, वजनाबद्दल कोणी फार बोलत नाही. म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम वजनावरच लिहितोय.

क्लब आहे पिंगचा जी४२५ मॅक्स, १०.५ डिग्री लॉफ्ट (फेसचा तिरपेपणा), २०२१ चं मॉडेल. त्यानंतर जी४३० आला, जी४४० आला, पण मला नव्याचा मोह नाही झाला कारण मला जे हवंय ते ह्यात आहे. हेडच्या मागच्या कडेला २६ ग्रॅमचं टंगस्टनचं वजन, ते तीन जागी लावता येतं, ड्रॉ (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे वळवायला), न्यूट्रल आणि फेड (उजवीकडे वळवायला). एक स्क्रू, सोबत मिळणारा टॉर्क रेंच, कट्ट असा आवाज आला की घट्ट बसलं, त्यापुढे पिळायचं नाही. रेंच न वापरता घरातल्या ॲलन कीने जोर लावून घट्ट करणारे लोक मी बघितलेत, प्लीज असं करू नका, आटे गेले तर अख्खं हेड गेलं.

तर झालं असं की स्टॉक लांबी ४५.७५ इंच, ती माझ्या उंचीला जास्त होत होती, बॉल फेसवर, म्हणजे हेडच्या मारायच्या सपाट बाजूवर, कुठेही लागायचा, म्हणून एका दुकानातून एक इंच कापून घेतला. काम स्वच्छ केलं त्यांनी, ग्रिप पण नीट बसवली, पण कापल्यावर स्विंग वेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) बघितलंच नाही आणि मला काही सांगितलं पण नाही. हे मला खरंच खटकलं, कारण अर्धा इंच कमी केलं की साधारण तीन पॉइंट जातात म्हणजे एका इंचाला सहा, डी३ चा क्लब थेट सी७ वर आला. पैसे घेऊन कस्टम काम करणाऱ्याने एवढं तरी गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे ना.

ज्यांना स्विंग वेट माहीत नाही त्यांच्यासाठी, हे क्लबचं एकूण वजन नाही. ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर क्लब टेकवायचा आणि हेडची बाजू किती जड पडते ते काट्यावर बघायचं. माप सी७, सी८, सी९, मग डी०, डी१ असं एकेक पॉइंटने चढत जातं. हातोडा दांड्याच्या टोकाला धरला तर जड लागतो आणि वर सरकून धरला तर हलका, हातोडा तोच, तसंच आहे हे. हेडमध्ये २ ग्रॅम वाढवले की साधारण एक पॉइंट वाढतो. ग्रिप ४-५ ग्रॅमने जड केली की एक पॉइंट कमी होतो, त्यामुळे जाडजूड ग्रिप टाकणाऱ्यांनी पण हा हिशोब धरावा.

सी७ वर मला हेड कुठे आहे तेच कळत नव्हतं. बॅकस्विंगच्या वर गेल्यावर हात घाई करायचे, आणि बॉल उजवीकडे. येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर खेळलेल्यांना माहितीये की तिथे उजवीकडे गेलेला बॉल म्हणजे झाडं, आणि झाडांतून बाहेर काढण्यातच एक शॉट जातो.

आता उपाय. जड वजन सुटं मिळतं, वेगवेगळ्या ग्रॅममध्ये, पण किती ग्रॅमचं मागवायचं हे अंदाजाने ठरवू नका. आधी शिशाची चिकटपट्टी घ्या, लेड टेप म्हणून मिळते, जड वजनाच्या मानाने फारच स्वस्त. अर्धा इंच रुंदीची असेल तर ४ इंच लांबीचे साधारण २ ग्रॅम होतात, पण घरी सोनं मोजायचा छोटा डिजिटल काटा असेल तर त्यावर तुकडे मोजून घ्या म्हणजे शंका नको. आणि हात धुवा नंतर, शिसं आहे ते, पट्टी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

पट्टी कुठे लावायची ह्याला महत्त्व आहे. मला शेवटी मागचं वजन बदलायचं होतं म्हणून मी पट्टी पण मागेच लावली, स्क्रूच्या शेजारी, म्हणजे पुढे जड वजन टाकल्यावर जे होणार तेच आत्ता दिसेल. पुढे फेसच्या जवळ लावली असती तर स्पिन (बॉलची गिरकी) कमी झाला असता, मागे लावली की सीजी म्हणजे हेडचा गुरुत्वमध्य मागे सरकतो, बॉल थोडा वर जातो आणि हेड कमी वळवळतं. मला पावसाळ्याच्या हिशोबाने वर जाणाराच बॉल हवाय, जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात बॉल पडला की तिथेच रुततो, रोल मिळतच नाही, सगळा खेळ कॅरीवर, म्हणजे बॉल हवेत जेवढा जातो त्यावर.

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, ४ ग्रॅमपासून सुरुवात केली आणि हळूहळू वाढवत गेलो. बॉलवर बोर्ड मार्करचा ठिपका काढायचा आणि ठिपका फेसच्या बाजूला ठेवून मारायचं, फेसवर डाग उमटतो, कपड्याने पुसला की गेला. ४ ग्रॅमला डाग अजून टो म्हणजे हेडच्या बाहेरच्या टोकाकडे पसरलेले होते. ८ ग्रॅमला म्हणजे डी१ च्या आसपास ते मधोमध गोळा व्हायला लागले आणि मला हातात हेड जाणवायला लागलं, खूप बरं वाटलं ते. १२ ग्रॅम लावून पूर्ण डी३ ला पण नेऊन बघितला पण बॉलची बकेट संपत आली की खांदे बोलायला लागायचे आणि डाग परत पसरायचे. म्हणून थांबलो ८ वर. मूळ आकडा होता तिथेच परत न्यायला पाहिजे असं काही नाही, डाग काय सांगतात ते बघा, आणि ते दमल्यावरचे डाग जास्त खरे.

मग ३४ ग्रॅमचं वजन मागवलं, पट्टी काढून टाकली, वजन लावलं. फील पट्टीच्या वेळचाच, फरक कळलाच नाही. पैसे वसूल.

ड्रॉ-फेडबद्दल पण सांगतो कारण सगळे तेच विचारतात. पट्टीचे ४ ग्रॅम हीलला (हेडच्या दांड्याकडच्या बाजूला) लावून स्लाइस, म्हणजे बॉलचं उजवीकडे वळणं, जाणार नाही. गणित करून बघा, २०० ग्रॅमच्या आसपास हेड, त्यात ४ ग्रॅम मध्यापासून ५० मिलिमीटर लांब लावले तर सीजी जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. तेच २६ ग्रॅमचं वजन समजा ३० मिलिमीटर सरकवलं तर सीजी जवळजवळ चार मिलिमीटर सरकतो. म्हणून ह्या ड्रायव्हरचं ड्रॉ सेटिंग खरंच काम करतं, पट्टीचं काम फक्त एकूण वजन आणि फील. मी आता ड्रॉवर ठेवलाय, बॉल अजूनही उजवीकडे झुकतो पण फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, उजव्या कडेला थांबतो, आणि मला तेवढं पुरेसं आहे. ज्याचा बॉल आधीच डावीकडे वळतो त्याने ड्रॉ सेटिंगला हात लावू नये.

न आवडलेलं म्हणजे आवाज. जरा टणटणीत आहे, शेजारच्या टीवर ऐकू जातो. वजन वाढवल्याने त्यात मला काही फरक वाटला नाही. आणि फेसजवळ वजन न्यायची सोय नाही, ज्यांचा स्पिन आधीच जास्त आहे त्यांनी ह्याच सिरीजचा एलएसटी, म्हणजे कमी स्पिनचं मॉडेल, बघावा.

मंथली मेडल, म्हणजे क्लबची महिन्याची स्पर्धा, खेळणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. राउंड सुरू झाल्यावर वजनाची जागा किंवा लॉफ्ट स्लीव्हचं (दांडा-हेडच्या जोडावर लॉफ्ट बदलायच्या सोयीचं) सेटिंग बदलायचं नाही, बदलून शॉट मारला तर थेट डिस्क्वालिफाय. बदललं पण मारायच्या आधी परत होतं तसं केलं तर पेनल्टी नाही. शिशाच्या पट्टीचं पण तेच, राउंडच्या आधी लावलेली चालते, मधेच नवीन लावायची किंवा काढायची नाही, मात्र लावलेली सुटून पडली तर त्याच जागी परत चिकटवता येते. पावसात ती सुटतेच, त्यामुळे स्पर्धेला जड वजनच बरं.

शाफ्ट कापायला देणार असाल तर दुकानात आधी विचारा, कापल्यावर स्विंग वेट मोजून देणार का, आणि किती आलं ते बिलावर लिहून घ्या. काटाच नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा.