54 चं सॉकेट आणि बॅग मोजायचा काटा: जुन्या हायलक्सच्या पुढच्या बेअरिंगचे अकरा महिने

मस्कतच्या प्रत्येक गोल चौकात माझी गाडी घुमायची. इथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने, त्यामुळे चौकातलं वळण कायम डावीकडचं आणि सगळा भार उजव्या चाकांवर. चौकात शिरलं की खालून घर्रर्र, बाहेर पडून गाडी सरळ झाली की आवाज निम्मा. दोन आठवडे मी टायरलाच शिव्या घालत होतो.

गाडी 1996 ची टोयोटा हायलक्स, फोर बाय फोर. पुढे सलग अ‍ॅक्सल, पाटे, आणि पुढच्या चाकांना इंजिनचा जोर जोडायचे, हाताने फिरवायचे हब लॉक. सव्वातीन लाख किलोमीटर झालेत. शेवटी जॅकवर घेतली, पुढचं उजवं चाक वर-खाली धरून हलवलं, तर टकटक. बायकोला ब्रेक दाबून बसायला सांगितलं. ब्रेक दाबताच खेळ गायब, म्हणजे दोष चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही चाक हललं असतं तर नकलची, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याची, बेअरिंग बघावी लागली असती, आणि ते काम वेगळंच.

राग यायचं कारण असं, की हेच बेअरिंग चारच महिन्यांपूर्वी एका गॅरेजात बदललं होतं. तेव्हा कारागीर अभिमानाने म्हणाला होता, 'साहब, एकदम मजबूत टाइट किया है.' तिथेच मला शंका यायला हवी होती. चाकाच्या मधला हब उघडला तर नटाच्या खाचांवर छन्नीचे घाव, नट सुटू न देणाऱ्या लॉक वॉशरचा एक कान तुटलेला, तरी तोच परत बसवलेला. बाहेरच्या बेअरिंगचे रोलर निळसर पडलेले आणि ते ज्यावर फिरतात त्या वाटीवर बोटाच्या नखाला लागतील असे खड्डे. बेअरिंग स्वस्तातलं होतं हे खरं. पण ते मेलं आवळून, असं माझं मत आहे. टेपर रोलरला, म्हणजे अशा निमुळत्या रोलरच्या बेअरिंगला, थोडाच दाब हवा असतो. जास्त झाला की ते तापतं, ग्रीस पातळ होऊन निघून जातं आणि मग धातूवर धातू.

तेव्हा या वेळी स्वतःच करायचं ठरवलं. 54 मिलिमीटरचं हब नट सॉकेट विकत घेतलं. या गाडीवर ते नसेल तर कामाला हातच लावू नये. बेअरिंग अस्सल पुड्यातली घेतली, आतून कोयो या जपानी कंपनीचा छाप निघाला. नकली सेटच्या तिप्पट पैसे गेले. सोबत नवा ऑइल सील आणि नवा लॉक वॉशर. या दोन गोष्टींत कंजुषी करणाऱ्याला मी हात जोडतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला हबच्या स्टडवरच्या, म्हणजे आटे असलेल्या खुंट्यांवरच्या, शंकूसारख्या चिरलेल्या वॉशरांनी. नट काढले तरी ते जागचे हलत नाहीत. पितळी तुकडा ठेवून हबच्या अंगावर ठोकत राहिलो, तेव्हा अर्ध्या तासाने एकेक टुणकन बाहेर पडला. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगला, ब्रेकच्या पाइपवर लोंबू दिला नाही. जुन्या वाट्या पितळी दांड्याने आळीपाळीने दोन्हीकडून ठोकून काढल्या. नव्या वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये होत्या, खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी. सकाळी त्या बऱ्याच सहज बसल्या. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यात घासत राहायचं, दुसऱ्या टोकाने ग्रीस डोकावेपर्यंत. नुसतं वरून फासलं तर ते आत जात नाही.

आता खरी गोष्ट. इथे नट दोन असतात, आतला आणि बाहेरचा, मध्ये लॉक वॉशर. मॅन्युअलप्रमाणे आतला नट आधी सुमारे 59 न्यूटन मीटरने आवळायचा, हब दोन-तीनदा दोन्हीकडे फिरवायचा, मग नट पूर्ण सैल करून पुन्हा 25 ने आवळायचा. त्यानंतर चाकाच्या एका स्टडला स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं: हब फिरायला लागतो त्या क्षणी काटा साधारण 2.8 ते 5.6 किलो दाखवायला हवा. स्प्रिंग काटा घरात नव्हता. पण भारतात जाताना बॅगा मोजायचा डिजिटल काटा परदेशातल्या कुठल्या मराठी घरात नसतो? पहिल्यांदा सात किलो आले. नट केसभर सैल केला, चार आले. बाहेरचा नट आवळला तर पुन्हा सहा, कारण तो आवळताना आतल्यालाही आत रेटतो. तिसऱ्या खेपेला 4.6 वर थांबलो आणि वॉशरचा एक कान आत, एक बाहेर वाकवला. बायको म्हणाली, 'धुतल्याशिवाय तो माझ्या बॅगेला लावायचा नाही.'

त्यानंतर अकरा महिने, चौदा हजार किलोमीटर. पाचशे किलोमीटरवर एकदा जॅकवर घेऊन बघितलं, खेळ शून्य. उन्हाळ्यात रस्त्यावरून वाफा निघत होत्या, तेव्हाही मैलोन्मैल चालवून हबला हात लावला, तर तो दोन्हीकडे सारखाच गरम. जबल अख्दर डोंगराच्या उतारावर मात्र ब्रेकमुळे हब असाही तापतो, तिथे हात लावून काही कळत नाही. वर बोटही पोळेल.

मला धास्ती पाण्याची होती. वादी अल अरबईन या ओढ्याच्या दरीत पाण्यातून जावं लागतं. तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील जरा थकलेला असेल तर पाणी आत ओढलं जातं. म्हणून आता पाण्याआधी दहा मिनिटं थांबतो. बरोबरचे लोक वैतागतात, मी चहा काढतो. सहाव्या महिन्यात मुद्दाम हब उघडून पाहिला. ग्रीस होतं तसंच, दुधट रंग कुठे नाही. पाणी शिरलं असतं तर ते ताकासारखं झालं असतं.

चौकात आता फक्त टायरचा आवाज. डावं बेअरिंग मी बदललं नाही, साफ करून नवं ग्रीस भरलं आणि काट्यावर जुळवलं, कारण वाटी गुळगुळीत होती. गोल चौकात ते कधी बोलणार नाही, भारच येत नाही त्याच्यावर. पण परवा घराच्या गल्लीत उजवीकडे जोरात वळताना काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. 54 चं सॉकेट अजून सीटखालीच आहे.