मागचे शॉकअप बदलून नऊ महिने झाले. घाम मात्र बोल्टनंच काढला

जानेवारीत कारचे मागचे दोन्ही शॉकअप घरीच बदलले. त्यानंतर गाडी ११,००० किलोमीटर चालली. शॉकअपबद्दल फार सांगण्यासारखं नाही, चांगले आहेत. नागपुरात मानेवाड्याकडच्या रिंग रोडवरचे गतिरोधक आता कंबरेला कळत नाहीत, चार माणसं आणि सामान घेऊन अमरावतीला गेलो तरी मागची बाजू डोलत नाही. लिहायचंय ते बोल्टबद्दल.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमची गाडी खाली उभी होती. चाकं अर्धी बुडाली. इंजिन वाचलं याच आनंदात आम्ही! शॉकअपच्या खालच्या बोल्टची आठवण कुणाला यायला?

आधी गॅरेजमध्ये नेली होती. तिथल्या पोरानं बारा कोनांची गोटी (सॉकेट) लावून नट सोडायची गन चालवली, डावीकडच्या नटाचे कोपरे गोल केले आणि म्हणाला, "भाऊ, कापा लागन." कापायचंच असेल तर मीच कापतो म्हणून गाडी परत आणली.

सहा कोनांची गोटी आणि दोन फुटी दांडा विकत घेतला. हत्यारांत पैसे घालायचे तर इथेच घाला. तारेच्या ब्रशनं उघडे आटे साफ केले आणि तीन रात्री रस्ट स्प्रे मारत राहिलो. उजवीकडे दांड्याला लोंबकळलो तरी नट ढिम्म. शेजारचे काका एमआयडीसीत फिटर होते, ते बघत उभे. "काऊन जोर लावून राहिला बे? पयले जरासा कस, मंग सोड." घट्ट बाजूला केसभर दाबला, गंज कडकन तुटला आणि नट सुटला. हे सगळं चाकं जमिनीवर असतानाच केलं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरून दांडा ओढू नका.

डावीकडचा नट छन्नीनं निघाला, पण बोल्ट निघेना. पाना फिरवला की पाव फेरा जायचा, सोडला की स्प्रिंगसारखा परत यायचा. म्हणजे बोल्ट बुशच्या (शॉकअपच्या टोकातल्या रबराच्या) आतल्या लोखंडी नळीला चिकटलेला आणि फिरत होतं ते रबर. इथे स्प्रेचा उपयोग नाही. गॅस लावून तापवायचा मोह झाला, पण वर तेल आणि दाबाखालचा गॅस भरलेला शॉकअप! शेवटी बुशच्या दोन्ही बाजूंनी हॅक्सॉ ब्लेडनं बोल्ट कापला. दीड तास, तीन ब्लेड. नवा बोल्ट घेताना जुन्याचं डोकं सोबत न्या. त्यावरचा आकडा बोल्टची ताकद सांगतो; १०.९ लिहिलं असेल तर ८.८ चा चालणार नाही, आणि आटेही तेवढेच बारीक हवेत. नायलॉनवाले नट परत वापरले नाहीत.

वरचा नट डिकीतून उघडतो. तिथे नटाबरोबर आतला रॉडही फिरतो, म्हणून रॉडचं चपटं टोक पान्यानं धरून नट सोडायचा.

चूक माझीही झाली. गाडी हवेत असतानाच खालचे बोल्ट पूर्ण कसले. गाडी टेकली की रबर पिळलेलंच राहतं. पंधरा दिवस मागून जुन्या पलंगासारखी कुरकुर. मग गाडी जमिनीवर ठेवून बोल्ट सैल केले, पुन्हा कसले, आवाज गेला.

नवा बोल्ट बसवताना त्याच्या गुळगुळीत अंगाला, नळीत बसतो तेवढ्याच भागाला, कॉपर ग्रीस लावलं होतं. आट्यांना नाही, तिथे ग्रीस लागलं तर त्याच टॉर्कला (कसायच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो. ट्यूब लहान होती, डावीकडेच संपली. उजवीकडे तसाच बसवला.

पावसाळा संपल्यावर, दिवाळीआधी, दोन्ही बोल्ट मुद्दाम काढून पाहिले. डावीकडचा साध्या रॅचेटनं सुटला आणि बोटानं ढकलताच बाहेर आला, अंगावर तांबूस ग्रीस तसंच. उजवीकडच्याला हातोडीनं सहा-सात ठोके द्यावे लागले, नळीतून लाल भुकटी पडली. आता त्यालाही ग्रीस लावलंय, या वेळी मोठी ट्यूब आणून.